तुमचे आवडते माहितीपट कोणते, आणि ते पाहताना तुम्हाला स्वतःचं काय आठवतं?

नावं पुष्कळ घेता येतील. पण तुम्ही आठवणींबद्दलही विचारलंय, म्हणून ज्यांनी मला माझ्या घरच्या माणसांपर्यंत नेऊन सोडलं तेवढेच सांगते.

पहिला नंबर ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’चा (२०१६). शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी केलेला हा माहितीपट आपल्या महाराष्ट्रातल्या तंबू टॉकीजवर आहे. जत्रेच्या गावी ट्रक लागतो, तंबू उभा राहतो, भोंग्यावरून पुकारा होतो आणि रात्री पडद्यावर सिनेमा. कान महोत्सवात तो दाखवला गेला, तिथे त्याचं कौतुक झालं, हे मला नंतर कळलं. मी पाहायला गेले ते केवळ विषय ऐकून, आणि मामाला सोबत घेऊन.

माझा मामा पुण्यात पेठेतल्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होता, म्हणजे सिनेमाचं मशीन (प्रोजेक्टर) चालवायचा. कार्बनच्या जमान्यातला ऑपरेटर. तांब्याचा मुलामा दिलेल्या दोन कार्बनच्या कांड्या समोरासमोर आणायच्या, मध्ये ठिणगी पाडायची आणि त्या लखलखीत उजेडावर पिक्चर चालवायचा. कांड्या जळत जातात तसं त्यांच्यातलं अंतर वाढतं आणि पडद्यावरचा उजेड पिवळट पडायला लागतो. म्हणून काळ्या काचेच्या छोट्या खिडकीतून सारखं आत बघत राहायचं आणि कांड्या पुढे सरकवायच्या. दोन हजार फुटांचं रीळ वीस-बावीस मिनिटांत संपतं. संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक ठिपका चमकून जातो, त्या ठिपक्यावर दुसरं मशीन सुरू करायचं. प्रेक्षकाला पत्ता लागता कामा नये. लहानपणी आम्हा भावंडांना केबिनच्या दारापर्यंत जायची परवानगी होती, आत नाही. जळून उरलेले कांड्यांचे तुकडे तो आम्हाला आणून द्यायचा आणि आम्ही वाड्याच्या फरशीवर त्यांनी रेघोट्या ओढायचो.

या माहितीपटात प्रकाश नावाचे प्रोजेक्टर दुरुस्त करणारे एक कारागीर आहेत. त्यांनी तेलात चालणारा स्वतःचा प्रोजेक्टर बनवलाय. ते मशीनबद्दल बोलतात तेव्हा त्यांचा चेहरा उजळतो, आणि कॅमेरा तिथे घाई न करता थांबतो. मामा अख्खा वेळ खुर्चीच्या कडेवर बसून होता. पडद्यावर मशीन अडलं की हा इकडे हळूच म्हणणार, “दमानं घे, आधी गेट पूस.” (गेट म्हणजे मशीनमधली फट, जिथून पट्टी उजेडासमोर सरकते.) बाहेर आल्यावर त्याने मला पहिल्यांदा सांगितलं की शेवटच्या काही वर्षांत त्याच्या हाताखाली शिकायला कुणीच येत नव्हतं. इतकी वर्षं दर दिवाळीला आम्ही भेटतो आणि ही गोष्ट कधी निघालीच नव्हती.

आमच्या घरात मामाचे फोटो आहेत ते लग्नातले, मुंजीतले, एक शिर्डीचा. मशीनपाशी उभा असलेला एकही नाही. ज्या कामात माणसाचं आयुष्य गेलं त्या कामाचा फोटो काढावा असं कुणालाच वाटलं नाही. त्यामुळे माहितीपट बघताना माझं लक्ष एवढ्यावरच असतं: काम करणाऱ्या हातांपाशी हा दिग्दर्शक पुरेसा वेळ थांबलाय का? थांबला असेल, तर बाकीच्या उणिवा मी सोडून देते.

‘सेल्युलॉइड मॅन’ (२०१२) या कसोटीवर अगदी वरचा आहे, आणि तो तर आपल्या लॉ कॉलेज रोडवरचा. जुने सिनेमे शोधून जपणाऱ्या पी. के. नायर यांच्यावर शिवेंद्रसिंग डुंगरपूर यांनी केलेला. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय (फिल्म आर्काइव्ह) १९६४ साली पुण्यात सुरू झालं आणि नायर तिथून १९९१ला निवृत्त होईपर्यंत त्यांनी रिळं जमवण्याशिवाय दुसरं काही केलं नाही म्हटलं तरी चालेल. फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’ (१९१९), ज्यात त्यांची लेक मंदाकिनी बाळकृष्ण झाली होती, तो आज आपल्याला बघायला मिळतो, कारण नायर फाळक्यांच्या कुटुंबीयांपर्यंत पोचले आणि हाती लागलेले तुकडे त्यांनी जुळवले. उलट ‘आलम आरा’ (१९३१), आपला पहिला बोलपट, त्याची एकही प्रत उरलेली नाही. जुन्या फिल्ममधली चांदी काढून घेण्यासाठी लोकांनी रिळंच्या रिळं विकून टाकली. हे ऐकताना पोटात तुटतं.

नायर अंधारात टॉर्चच्या उजेडात वहीत टिपणं काढत सिनेमा बघायचे. कुठला प्रसंग कितव्या रिळात आहे, हे त्यांना तोंडपाठ असायचं. मामाचंही तसंच आहे. त्याला सिनेमाची गोष्ट धड सांगता येत नाही, पण “ते गाणं ना, सातव्या रिळाच्या शेवटाला” हे अजून सांगतो. तुटलेल्या पट्टीला जोड मारताना पात्याने ती खरवडायची, फिल्म चिकटवायचं सिमेंट लावायचं, दाबून धरायचं. हे करताना घाईत एखादी फ्रेम जास्त कापली गेली तर तिची भरपाई नाही, असं तो म्हणतो. नायर २०१६च्या मार्चमध्ये पुण्यातच गेले. हा माहितीपट पावणेतीन तासांचा आहे. रविवारी सकाळी, फोन बंद करून बघा.

‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) बद्दल लिहिताना जरा जपून लिहिते, कारण त्यातलं दुःख माझं नाही. ११ जुलै १९९७ला घाटकोपरच्या रमाबाई नगर या दलित वस्तीत पोलिसांनी गोळीबार केला, दहा जण मारले गेले. त्यानंतर काही दिवसांत शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. या माहितीपटाचे दिग्दर्शक आनंद पटवर्धन यांनी घोगरेंना १९८५च्या ‘हमारा शहर’मध्ये गाताना चित्रित केलं होतं. १९९७पासून पुढे चौदा वर्षं पटवर्धन या माहितीपटाचं काम करत राहिले. उत्तरार्धात पुण्याचा कबीर कला मंच हा गाणाऱ्या तरुणांचा गट येतो, त्यातल्या शीतल साठे येतात, त्यांच्या आई बोलतात. मी भवानी पेठेत वाढले. १४ एप्रिलची गाणी आमच्या खिडकीतून रात्रभर ऐकू यायची आणि ती मला चालीसकट पाठ होती. पण ती गाणी कोण लिहितं, गाणारा दिवसा काय काम करतो, हे आमच्या वाड्यात कुणी कुणाला विचारत नसे. या माहितीपटाने त्या आवाजांना चेहरे दिले. मराठी माणसाने एकच माहितीपट बघायचा असेल तर हाच बघावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

पेठेचा विषय निघालाय तर ‘वारी’चंही सांगते. खंडोबा आणि धनगरांच्या परंपरांचा ज्यांनी आयुष्यभर अभ्यास केला त्या गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाचा हा माहितीपट. माउलींची पालखी पुण्यात असते तेव्हा मुक्काम भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरात असतो. त्या रात्रींत आमच्या वाड्याचा जिना, ओसरी, गॅलरी सगळीकडे वारकरी झोपलेले असायचे आणि आई पहाटे मोठ्या पातेल्यात चहा टाकायची. टीव्हीवरची वारी नेहमी वरून, ड्रोनमधून दिसते. सोन्थायमर यांची वारी चालणाऱ्यांच्या उंचीवरून दिसते.

‘आय ॲम २०’ (१९६७) छोटासाच आहे, वीसेक मिनिटांचा. फिल्म्स डिव्हिजन या सरकारी संस्थेसाठी एस. एन. एस. शास्त्री यांनी १९४७ साली जन्मलेल्या मुलामुलींना बोलतं केलं: देशाकडून काय हवंय, पुढे काय करणार. कुणी स्वप्नं सांगतो, कुणी सरळ तक्रार करतो. माझा मामा त्याच साली जन्मला. १९६७मध्ये तो केबिनमध्ये मदतनीस होता, रिळं गुंडाळायच्या कामावर. तेव्हा प्रत्येक खेळाआधी फिल्म्स डिव्हिजनचं समाचारचित्र किंवा माहितीपट दाखवणं टॉकीजना बंधनकारक होतं. म्हणजे त्याच्याच वयाच्या मुलांची ही मुलाखत त्याच्याच हाताखालून गेली असण्याची शक्यता आहे. विचारलं तर म्हणाला, “आठवत नाही गं. तेव्हा लोक बाहेर शेंगदाणे घेत असायचे, आम्ही पुढचं रीळ चढवत असायचो.” मग मोबाइलवर दोनदा बघितला. दुसऱ्यांदा बघताना म्हणाला, “मला विचारलं असतं तर मी म्हणालो असतो, ऑपरेटरचं लायसन पाहिजे.”

अलीकडच्यांपैकी ‘ऑल दॅट ब्रीद्स’ (२०२२). दिल्लीतले दोन भाऊ तळघरात जखमी घारींवर उपचार करतात, त्यांच्यावर शौनक सेन यांनी केलेला. त्याने माझी कुठली जुनी आठवण जागी केली असं नाही, पण तो बघितल्यापासून मंडईवर घिरट्या घालणाऱ्या घारींकडे मान वर करून बघायची सवय लागली. ‘द एलिफंट व्हिस्परर्स’ ऑस्करमुळे सगळ्यांनी पाहिलाच असेल. हत्तीची पिल्लं सांभाळणारी बोम्मन आणि बेल्ली ही जोडी मला फार आवडली. त्यांच्यासोबत अजून थोडा वेळ घालवायला हवा होता असं वाटलं.

सुरुवात करायची तर ‘आय ॲम २०’ने करा, तो यूट्यूबवर आहे. ‘सिनेमा ट्रॅव्हलर्स’ मात्र मोठ्या पडद्यावर कुठे लागला तरच बघा असं सांगेन, कारण त्यातला मशीनचा आवाज फोनवर कळत नाही. पुण्यात फिल्म आर्काइव्हमध्ये माहितीपटांचे खेळ होत असतात, तिकडेही लक्ष ठेवा.

एक मलाही विचारायचंय. अप्पा बळवंत चौकाच्या आजूबाजूच्या जुन्या छापखान्यांत खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, जुळवणाऱ्या कंपोझिटरांवर कुणी माहितीपट केलाय का? माझे काका ते काम करायचे. खिळे लावायची पट्टी (स्टिक) हातात धरून उलटी अक्षरं सरसर वाचणारी ती माणसं आता फार थोडी उरली आहेत. कुणी त्यांचं चित्रीकरण केलं असेल, अगदी विद्यार्थ्याने कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी केलेलं असलं तरी, नाव नक्की कळवा. आणि कुणी करायच्या विचारात असेल तर काकांशी गाठ घालून द्यायला मी तयार आहे.