वाचक विचारतात: १० टक्क्यांवरचा कापूस शोधात दिसत नाही

प्रश्न : आमच्या जिनिंगमधल्या खरेदीच्या नोंदी डेटाबेसमध्ये आहेत. ‘ओलावा > ९’ असं शोधलं की ९.५ च्या गाड्या दिसतात, पण १०, ११, १२ च्या गायब! काटापावत्या तर समोर आहेत. – एक वाचक, वणी तालुका

उत्तर : पावत्या बरोबर आहेत, चूक रकान्याच्या प्रकारात आहे. ‘ओलावा’ हा रकाना मजकूर म्हणून ठेवलेला दिसतो. मजकुराची तुलना डावीकडून एकेका अक्षराने होते. ‘१०’ मधला १ हा ९ पेक्षा लहान, म्हणून सगळा ‘१०’ लहान ठरतो.

आधी टेबलची प्रत काढा. कुणी ‘११%’ किंवा ‘११ टक्के’ असं टाइप केलं असेल तर तेवढं पुसा, मगच प्रकार बदलून दशांश संख्या करा. पूर्णांक ठेवू नका, ९.५ मधला अर्धा टक्का जाईल आणि भाव तिथंच ठरतो.

आता ८ ते १२ टक्के हवे असतील तर ‘>= ८ अँड <= १२’ लिहा. नुसतं > आणि < लिहिलं तर नेमके ८ आणि १२ सुटतात. ‘अँड’ऐवजी ‘ऑर’ पडलं तर आकडा भरलेली प्रत्येक गाडी येते.

ओलावा न मोजलेल्या, रिकाम्या नोंदी यातल्या कुठल्याच चिन्हाला सापडत नाहीत. त्या ‘इज नल’ने वेगळ्या काढा. तारखेसोबत वेळही नोंदवत असाल तर जानेवारीसाठी ‘<= ३१ जानेवारी’ नको, ‘< १ फेब्रुवारी’ लिहा. नाहीतर ३१ तारखेच्या गाड्या राहून जातात.