आधी सांधा बघा, व्हिडिओ मागून

ताई, बी.ए. दुसऱ्या वर्षाचा सूक्ष्म अर्थशास्त्राचा ४ क्रेडिटचा पेपर जुलैपासून हायब्रिड (काही भाग वर्गात, काही घरून ऑनलाइन) करायचाय, प्राचार्य म्हणतात 'आधी व्हिडिओ करून टाका', तर सुरुवात कुठून करू, असं तुम्ही विचारलंय. मी इंदूरमध्येच सांख्यिकी शिकवतो आणि हाच सल्ला ऐकून एकदा चांगला आपटलोय. मे महिन्यात, आवाज येऊ नये म्हणून पंखा बंद करून, पाऊण-पाऊण तासाची बावीस लेक्चरं रेकॉर्ड केली. मुलांनी पहिली दोन पाहिली. निम्म्यांनी पाहिलं नाही म्हणून मी वर्गात तेच पुन्हा शिकवलं. मग उरलेल्या निम्म्यांनीही पाहणं सोडलं. शहाणीच होती ती!

तेव्हा घरी केलेल्या कामावाचून पुढचा तास सुरूच होणार नाही, असा सांधा कुठे बसतो ते आधी शोधा. तुमच्याच पेपरातली मागणीची लवचिकता घ्या, म्हणजे भाव बदलला की मागणी किती बदलते ते. घरी पाच-सहा मिनिटांचा व्हिडिओ आणि एकच काम: आईला किंवा शेजारच्या काकूंना विचारा, कांदा २०, ४० आणि ८० रुपये किलो झाला तर आठवड्याला किती घ्याल? आणि जिलबीचा भाव तसाच दुपटीने चढत गेला तर? आकडे गूगल फॉर्मवर भरायचे. तासाला तुम्ही त्या आकड्यांची बेरीज फळ्यावर मांडायची, मुलांनी दोन्ही वक्र काढून लवचिकता मोजायची आणि कांद्याचा वक्र जास्त उभा का आला यावर भांडायचं. ज्यानं फॉर्म भरला नाही, त्याच्या घरचा कांदा फळ्यावर नाही. हे त्यांना लागतं, गुण कापण्यापेक्षा जास्त.

व्हिडिओ पाच-सहा मिनिटांचाच का? एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या साइटवरच्या लाखो पाहण्यांचा अभ्यास २०१४ साली झाला होता. व्हिडिओ कितीही लांब असो, तो पाहण्याचा मध्यक काळ (निम्मे ज्याच्या आत थांबतात तो) ६ मिनिटांच्या पुढे जात नव्हता. माझे पंचेचाळीस मिनिटांचे बावीस आठवले की अजून कान तापतात. शिवाय सगळं स्वतःच रेकॉर्ड करायची हौस नको. 'स्वयम्' या सरकारी ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या पोर्टलवर अर्थशास्त्राचं बरंच तयार आहे, त्यातला हवा तो तुकडा द्या.

तासांचा हिशेब सोपा आहे. १ क्रेडिटचे १५ धरले तर तुमचे ६० तास. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) मे २०२१ च्या मसुद्यात ४० टक्क्यांपर्यंत ऑनलाइनची मुभा होती, म्हणजे २४ तास. (तुमच्या विद्यापीठाचा नियम मात्र लेखी घ्या, तोंडी नको.) पहिल्याच वर्षी २४ भरायला जाऊ नका. मी दहावर थांबलो असतो तर त्या वर्षी झोप तरी झाली असती.

साधनांवर फार वेळ घालवू नका. गूगल क्लासरूम पुरतं. कॉलेजात मूडल हे तसंच ऑनलाइन वर्गाचं सॉफ्टवेअर चालू असेल तर तेही चालेल. खरी अडचण फोनची आहे. माझ्याकडे इंदूरबाहेरच्या सांवेर-देपालपूरकडून बसने येणारी मुलं आहेत, काहींच्या घरी एकच स्मार्टफोन, आणि तो वडिलांबरोबर संध्याकाळी घरी येतो. 'सर, नेट नी चल रिया था' हे ऐकून मी आधी चिडायचो. आता मुदत तीन दिवसांची देतो, आणि प्रत्येक व्हिडिओबरोबर दोन पानांची पीडीएफ व्हॉट्सअॅपवर टाकतो. थेट ऑनलाइन तास जवळजवळ घेतच नाही.

आणि हो, वेळापत्रक करताना रंगपंचमी बघून घ्या. गेरच्या, म्हणजे आपल्या इंदूरच्या रंगपंचमीच्या मिरवणुकीच्या, आठवड्यात वर्गात तसंही कोण येतंय? घरचा एक मोठा भाग तिथे ठेवा, फक्त त्याची मुदत गेरनंतर दोन दिवसांनी, रंग उतरल्यावर.