वजन घटवण्यासाठी केलेल्या जठराच्या बायपास शस्त्रक्रियेनंतर वजन पुन्हा वाढलं, तर पोट न कापता काही करता येतं का?

हो, येतं. तोंडावाटे एंडोस्कोप (कॅमेरा असलेली लवचिक नळी) घालून, बायपासमध्ये बनवलेली जठराची छोटी पिशवी आणि आतडं यांचा जोड पुन्हा अरुंद करतात. याला ट्रान्सओरल आउटलेट रिडक्शन म्हणतात. हा जोड काळानुसार सैल पडतो, अन्न भराभर खाली सरकतं आणि पोट भरल्यासारखं वाटतच नाही. म्हणून जोडाची कड आर्गॉन प्लाझ्माने (विद्युतभारित आर्गॉन वायूच्या झोताने) भाजून, आतूनच टाके घालून जोडाचं तोंड साधारण 8 ते 10 मिलिमीटरवर आणतात. जेवल्यावर घाम, धडधड असा डम्पिंगचा (अन्न फार वेगाने आतड्यात उतरल्याने होणारा) त्रास होत असेल तर त्यालाही बऱ्याचदा आराम पडतो. पण आधी एंडोस्कोपीत जोड खरंच रुंदावलेला दिसायला हवा. तो अरुंदच असेल तर टाक्यांनी काही साधणार नाही, वजनवाढीचं कारण दुसरीकडे शोधावं लागेल.