मालिकेतले काका गावाला जातात तेव्हा

पत्र : "मुलगा बी. कॉम. झाला, वय बावीस. पाच वर्षं इथल्या हौशी मराठी नाटकांत कामं करतोय. हिरो व्हायचं नाही म्हणतो; मालिकेत दर चार दिवसांनी दिसणारा इन्स्पेक्टर, वकील, काका व्हायचंय. बँकेच्या परीक्षा सोडून हे करण्यासारखं आहे का? – एक वडील, रामबाग, इंदूर"

नमस्कार,

हिरो व्हायचं नाही हे बाविसाव्या वर्षी कळलेल्या मुलाची मला निम्मीच काळजी वाटते. उरलेली निम्मी वयाची. वकील, डॉक्टर, मुलीचे वडील या भूमिका केस पिकू लागल्यावरच भरभरून येतात. तोवरची दहा-पंधरा वर्षं घरभाडं कशातून निघणार, ते आधी बघू.

मालिकेत अशा दुय्यम भूमिका करणाऱ्या चरित्र अभिनेत्याला बहुधा महिन्याचा पगार नसतो, दिवसाचा दर असतो. शिफ्ट बारा तासांची. 'महिन्याला पंधरा दिवस' असं तोंडी ठरतं, मग कथेचा ट्रॅक बदलतो आणि काका गावाला जातात. (मालिकेतले काका एकदा गावाला गेले की सहसा परत येत नाहीत.) पैसे साधारण नव्वद दिवसांनी, टीडीएस कापून. एप्रिलच्या कामाचे जुलैत. मुलगा बी. कॉम. आहे, त्याला वही ठेवायला लावा : तारीख, निर्मिती संस्था, दर, येणं बाकी. आणि सहा महिन्यांचा खर्च हाताशी असल्याशिवाय मुंबईची गाडी पकडू देऊ नका.

बँकेचं तुम्हीच काढलंत म्हणून सांगते. 'सीआयडी'त १९९८ पासून वीस वर्षं एसीपी प्रद्युम्न झालेले शिवाजी साटम सेंट्रल बँकेत होते. १९८८ च्या 'वागले की दुनिया'तले अंजन श्रीवास्तव अलाहाबाद बँकेत. पण हे दाखले मुलाच्या तोंडावर फेकू नका. त्यांची नोकरी आणि नाटक एकाच शहरात जमलं. तुमच्या मुलाला पहिली शाखा झाबुआची मिळाली तर ऑडिशन कुठून देणार? आणि आज वसईजवळच्या नायगावच्या सेटवर सकाळी सातला हजर राहायचा कॉल असला, तर दहाला बँकेच्या काउंटरवर कोण बसेल?

त्यापेक्षा डबिंग शिकवा. ग्वाल्हेरचे शरद केळकर पडद्यावर दिसतातच, पण हिंदी 'बाहुबली'चा आवाजही त्यांचाच. इंदूरच्या मराठी घरात दोन भाषा फुकट मिळतात, ही मोठी शिदोरी. फक्त इंदुरी बोलीतलं 'क्या कर रिया हे' सराफा बाजारातच ठेवायचं. माईकसमोर 'है' म्हणजे 'है'च.

हे वर्ष त्याने इंदुरातच काढावं. पुढे रीतसर शिकायचं तर भोपाळच्या मध्य प्रदेश नाट्य विद्यालयाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम जवळचा पडेल. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा तीन वर्षांचा. त्याला पदवी आणि काही नाटकांत काम केल्याचा अनुभव लागतो, म्हणून जुनी माहितीपत्रकं, कात्रणं, फोटो रद्दीत देऊ नका. मुंबईत सुरुवात बहुधा गुन्हेगारीच्या मालिकांतून होते, कारण तिथे दर गोष्टीला नवे चेहरे लागतात. कुणी कॉर्डिनेटर, म्हणजे कलाकारांना काम मिळवून देणारा मध्यस्थ, काम देण्याआधी नोंदणीचे पैसे मागू लागला, तर फोन ठेवून द्यायचा.

पुढच्या पत्रासोबत त्याची दोन मिनिटांची चित्रफीत पाठवा. साधी भिंत, मोबाईल आडवा. नाव, वय, उंची, चेहऱ्याची डावी-उजवी बाजू, मग एक संवाद. पार्श्वसंगीत नको.