मूळसंख्यांत रमणाऱ्या मुलीला सायबर सिक्युरिटीच्या कोर्सला घालू का?

ताई, नमस्कार.

तुमची मुलगी गणितात एस.वाय.बी.एस्सी. करतेय, नंबर थिअरीत, म्हणजे पूर्णांकांच्या गणितात, रमलीय. तिचे बाबा सरकारी कंत्राटदार. ते म्हणतात, ‘मूळसंख्यांनी पोट भरत नाही, डिग्री झाली की सहा महिन्यांचा सायबर सिक्युरिटीचा कोर्स लाव.’ ऐकायचं कुणाचं, असं तुम्ही विचारलंय.

माझ्या मते मुलीचं. फक्त प्रोग्रॅमिंगचा कंटाळा करून तिला चालणार नाही.

बाबांना ५३ गुणिले ६१ करायला सांगा. मिनिटभरात ३२३३ येतील. मग दुसऱ्या कुणाला नुसते ३२३३ द्या आणि ते कोणत्या दोन संख्यांचा गुणाकार आहेत ते विचारा. ३ ने, ७ ने, ११ ने भागत बसावं लागतं! आकडा शेकडो अंकी असला की कॉम्प्युटरही हात टेकतात. गुणाकार जगजाहीर, मूळसंख्या गुपित, ही माहिती कुलूपबंद करण्याची आरएसए पद्धत. बाबा ई-टेंडर भरताना यूएसबी टोकन लावतात ना? त्यातली डिजिटल सही बहुधा याच गणितावर चालते.

स्टॅनफर्डच्या डिफी आणि हेलमन यांनी १९७६ मध्ये जाहीर किल्लीची कल्पना मांडली: कुलूप लावायची किल्ली सगळ्यांना द्यायची, उघडायची स्वतःजवळ ठेवायची. पुढच्याच वर्षी एमआयटीत रिव्हेस्ट, शमीर, एडलमन यांनी ती मूळसंख्यांवर उभी केली; आरएसए ही त्यांचीच आद्याक्षरं. त्यांनी आव्हान म्हणून दिलेला १२९ अंकी आकडा फुटायला १९९४ उजाडलं, तेही सुमारे ६०० स्वयंसेवकांनी कॉम्प्युटर जुंपले तेव्हा.

मुलीला मात्र क्लिफर्ड कॉक्सबद्दल सांगा. नंबर थिअरी शिकलेला हा तरुण १९७३ मध्ये ब्रिटनच्या जीसीएचक्यू या गुप्तचर संस्थेत नवखा होता. तिथल्या जेम्स एलिस यांची जाहीर किल्लीसारखीच, पण अडलेली कल्पना त्याच्या कानावर आली. कामाचं काही घरी लिहायची मुभा नव्हती, म्हणून त्याने सगळं डोक्यातच सोडवलं. आरएसएच्या चार वर्षं आधी! जगाला कळलं १९९७ मध्ये. (अशा नोकऱ्यांत श्रेय उशिरा मिळतं, कधी मिळतही नाही.)

कोर्स वाईट नाही. पण तिथे तयार यंत्रणा वापरायला आणि राखायला शिकवतात. नव्या घडवायला गणितच लागतं. पुरेसा मोठा क्वांटम कॉम्प्युटर आला तर आरएसए फुटेल हे पीटर शोर यांनी १९९४ मध्येच दाखवलं. म्हणून अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकसंस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये क्वांटमपुढेही टिकावीत अशी तीन नवी मानकं जाहीर केली. त्यातली दोन लॅटिसच्या, म्हणजे बिंदूंच्या नियमित जाळीच्या, गणितावर उभी आहेत. तेव्हा लिनिअर अल्जिब्रा आणि ॲबस्ट्रॅक्ट अल्जिब्रा पक्कं करून घ्यावं, सोबत पायथॉन आणि सी.

पुढे जॅम ही प्रवेशपरीक्षा देऊन आयआयटीत एम.एस्सी., मग हवं तर कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये (आयएसआय) क्रिप्टॉलॉजी (गुप्तलेखनशास्त्र) अँड सिक्युरिटीचं एम.टेक. म्हणजे पदवीनंतर आणखी चार वर्षं. घराला तेवढं थांबणं जमणार नसेल तर बाबांचा कोर्स एम.एस्सी.नंतरही करता येईल. जॅमचे फॉर्म साधारण सप्टेंबरात निघतात, परीक्षा फेब्रुवारीत असते, टी.वाय.ला गेल्यावर तारखांकडे तेवढं लक्ष असू द्या.