माग भंगारात, माणसांचं काय?

प्रश्न : ताई, इचलकरंजीत एकाच मालकाकडं बाबांनी 22 वर्षं साधे माग चालवले, आई तिथंच कांडी मशीनवर, म्हणजे मागासाठी कांड्यांवर सूत भरायला, आहे. आता मालक म्हणतोय दिवाळीनंतर माग भंगारात घालून एअरजेट माग आणायचे, आणि माणसांचं विचारलं की नुसतं "बघू" म्हणतो. बाबांनी नवीन माग शिकावा की कर्ज काढून रिक्षा घ्यावी? – एक वाचक

उत्तर : अरे, तू बाबांचंच विचारलंस, पण आधी आईचं बघ. एअरजेटला धोटाच (कांडी घेऊन इकडून तिकडं पळतो तो) नसतो, हवेच्या झोतानं सूत पलीकडं जातं आणि बाण्याचं, म्हणजे आडवं सूत थेट मोठ्या कोनवरनं येतं, म्हणजे कांडी भरायचं कामच उरत नाही. बाबांना निदान कुठंतरी जागा मिळेल, आईचं काम गेलं ते गेलं. (52 पिकाला, म्हणजे इंचात 52 आडवे धागे असलेल्या कापडाला, किती पैसे यावर मजुरीची भांडणं होतात तेव्हासुद्धा कांडीवाल्या बायकांचा विषय शेवटीच, असो.)

बाबांनी शिकावं असंच मी म्हणेन, तुटलेली सुताची तार पटकन जोडणारा आणि कापडातला दोष लांबनं ओळखणारा माणूस तिथंही लागतोच. पण सगळे तिथं मावणार नाहीत. साधा माग मिनिटाला शंभर-सव्वाशे पिक टाकतो, एअरजेट सहाशेच्या पुढं, मग तेवढ्याच कापडाला माणसं किती लागणार तूच सांग. 1999 पासून सरकारनं टफ या कापड उद्योगाच्या योजनेत नव्या मशिनरीला मदत दिली, मशीन चालवणाऱ्याचा हिशोब त्यात कुणी केला नाही हे माझं स्पष्ट मत.

आता पैशाचं. नव्या मशीनमुळं माणसं कमी होणार असतील तर कायद्यानं 21 दिवस आधी लेखी नोटीस द्यावी लागते, "बघू" म्हणजे नोटीस नव्हे. आणि ग्रॅच्युइटी, म्हणजे काम सोडताना वर्षांच्या हिशोबानं मालकानं द्यायचे पैसे, सोडू नका. पीसवर, म्हणजे जेवढं कापड तेवढे पैसे अशा कामावर असणाऱ्यांना मिळत नाही असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, शेवटच्या 3 महिन्यांच्या कमाईवरनं रोजची सरासरी काढतात, तिची 15 पट करायची आणि त्याला वर्षांनी गुणायचं. समजा बाबांना दिवसाला सरासरी 600 पडतात, तर वर्षाचे 9000 आणि 22 वर्षांचे 1,98,000. एवढे पैसे "बघू"वर सोडायचे का?

अडचण पुराव्याची. एका शेडची चार नावं करून "आमच्याकडं 10 माणसंच नाहीत, ग्रॅच्युइटी लागू नाही" म्हणायची पद्धत जुनीच आहे, म्हणून पगाराच्या चिठ्ठ्या, ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड, बँकेतल्या एन्ट्र्या जे काय असेल त्याचे फोटो आत्ताच काढून ठेव, काम चालू आहे तोवर. एकदा गेट बंद झालं की हजेरीचं रजिस्टर कोण दाखवतंय!

काम सुटलं की 30 दिवसांत मालकाकडं लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, नाही दिले पैसे तर कामगार आयुक्त कार्यालय गाठा, जाताना युनियनमधलं कुणीतरी सोबत न्या. रिक्षाचं कर्ज हे पैसे हातात आल्याशिवाय काढू नका. आणि आईचा अर्ज वेगळा करा बरं का, तिची वर्षं बाबांच्या अर्जात कुणी मोजत नाही.