दुपटी किती, दूध कोणतं?

वाचकांचे प्रश्न : बाळंतपणाची तयारी

या खेपेला खानदेशातून आलेल्या पत्रांत बहुतेकींची तारीख एप्रिल ते जूनमधली आहे. बाळ येणार ते थेट उन्हाच्या तडाख्यात. म्हणून उत्तरांत दुधाइतकाच उन्हाचाही हिशोब धरला आहे.

आठवा महिना लागलाय, तारीख मेच्या दुसऱ्या आठवड्यातली आहे. दुकानदाराने बाळाच्या सामानाची चाळीस वस्तूंची छापील यादीच हातात ठेवली. नणंद म्हणते सगळं घेऊन टाक, आई म्हणते जन्माआधी बाळाचं काही आणायचं नसतं. काय करू?
(शिरपूर)

आईचं बरंचसं ऐका. दुपट्यांची तयारी नवं काही न आणता जुन्यातून होते आणि ती जास्त कामाची असते. आजीचं मऊ झालेलं सुती लुगडं असेल तर नऊवारीची मीटर-मीटर लांबीची आठ दुपटी निघतात. आठ पुरेत. काठ आणि जर आधी कापून टाका, जरीने बाळाच्या गालावर ओरखडे उठतात. नवंच कापड असेल तर दोन-तीनदा धुऊन खळ घालवा. खळीचं कापड शू शोषत नाही, वरून ओघळू देतं. कपडे मऊ करणारं सुगंधी द्रवही टाळा. त्याचा पातळ थर धाग्यावर बसतो आणि तोच प्रकार होतो.

लंगोट दिवसाला १२ ते १५ लागतात. मेमध्ये गच्चीवर ते तासाभरात खडखडीत वाळतात, म्हणून २४ पुरतील. तारीख जुलै-ऑगस्टची असती तर ३६ सांगितले असते. पुढून बंदाची झबली सहा-आठ. टोपडी दोन, तीही जन्मानंतरच्या पहिल्या दिवसापुरती आणि एसीच्या खोलीसाठी. बाळ बरीचशी उष्णता डोक्यातून बाहेर टाकतं, त्यामुळे एरवी उन्हाळ्यात घरात टोपडं-कुंची घालून ठेवू नका. याशिवाय रबरी शीट एक (वर सुती कापड हवंच), मच्छरदाणी, झाकणाची बादली आणि डिजिटल थर्मामीटर. डायपरचं सर्वांत लहान मापाचं एकच पाकीट घ्या, प्रवासाला आणि रात्रीला. पहिली काळी शी डांबरासारखी चिकटते, तिच्यासाठी ओल्या वाइप्सपेक्षा खोबरेल तेलात भिजवलेला कापूस बरा.

थर्मामीटर काखेत लावायचा. ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस ठीक. बाळ गुंडाळलेलं असेल आणि आकडा ३७.५ च्या वर गेला तर आधी दुपटं सोडा, अंगावर पातळ झबलं ठेवा, दूध पाजा आणि अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. खानदेशच्या मेमध्ये बरेच ‘ताप’ असे गुंडाळण्याचे असतात. उतरला नाही किंवा ३८ झाला तर मात्र रात्र असली तरी दवाखाना गाठा. महिन्याआतल्या बाळाच्या तापाला घरगुती उपाय नाही.

यादीतलं बाकीचं दुकानातच राहू द्या. पावडर उडून श्वासात जाते. बाजारच्या काजळात शिसं असू शकतं. मोहरीची उशी नको, बाळ उताणं, सपाट आणि उशीशिवाय झोपवायचं. खोल झोळीत हनुवटी छातीला टेकून श्वास अडू शकतो, म्हणून झोळी जवळ कोणी जागं असेल तेव्हाच. कूलर चालेल. झोत बाळावर नको, समोरची खिडकी उघडी हवी आणि आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासायला हवी, नाहीतर डेंग्यूचे डास तिथेच वाढतात. बंद खोलीत कोळशाची शेगडी मात्र अजिबात नाही. त्या विषारी वायूला वास नसतो, आणि बाहेर ४३ अंश असताना शेकायचं तरी काय?

दवाखान्याच्या पिशवीत पुढून उघडणारे दोन-तीन गाऊन, मोठे पॅड, माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे रिपोर्ट, आधार, बँकेचं पासबुक, स्टीलची छोटी वाटी आणि चमचा. बाटली नको. का ते पुढच्या उत्तरात.

सासूबाई म्हणतात, पहिलं दूध काढून टाक, ‘ते पोऱ्याले जड जास’. तिसऱ्या दिवशी खरं दूध येईस्तोवर मध नि गूळपाणी. घरात भांडण नको, पण बाळाचं नुकसानही नको.
(अमळनेर तालुका)

गाय व्याली की तिचा चीक वासराला पाजल्याशिवाय शेतकरी राहत नाही. वासरू त्यावरच उभं राहतं, हे सासूबाईंना आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल. आईचा चीकही तोच. घट्ट, पिवळा आणि थोडा. थोडा दिसतो म्हणूनच घोळ होतो. पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी चमचाभर, म्हणजे ५ ते ७ मिली दूध पुरतं, आणि नेमका तेवढाच चीक येतो. रोगांशी लढणारे घटक त्यात गच्च भरलेले असतात, आणि पोट साफ होऊन काळी शी पडायलाही तो मदत करतो.

भरभरून दूध दोन-तीन दिवसांनी उतरतं ते वार पडल्यावर शरीरातले हार्मोन बदलतात म्हणून. पण ते किती आणि किती दिवस टिकेल हे बाळाच्या ओढण्यावर ठरतं. मध्ये गूळपाणी दिलं की पोट भरतं, बाळ झोपतं, ओढत नाही. ओढलं नाही की दूध उशिरा उतरतं, आणि मग ‘बघ, दूध नव्हतंच’ असं म्हणायला सगळे मोकळे. मधाचा धोका वेगळाच. त्यात एका जिवाणूचे बीजाणू असू शकतात, ते बाळाच्या आतड्यांत रुजून विष तयार करतात आणि बाळ लुळं पडतं. वर्षाच्या आत मधाचं बोटसुद्धा नको.

करायचं असं. जन्मताच बाळ पुसून तुमच्या उघड्या छातीवर, वरून कापड, आणि तासाभरात पहिलं पाजणं. सिझर झालं तरी आई शुद्धीवर असेल तर हे जमतं. टाक्यांवर भार नको म्हणून बाळ काखेखाली धरून पाजा किंवा कुशीवर झोपून. चोवीस तासांत ८ ते १२ वेळा. बाळ तोंडात हात घालू लागलं की घ्या. रडू लागेपर्यंत थांबलात तर ते चिडून नीट पकडत नाही.

पकड कशी तपासायची? तोंड जांभई दिल्यासारखं उघडं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनात रुतलेली, आणि बोंडाभोवतीचा काळा भाग खालून कमी, वरून जास्त दिसतो. नुसतं बोंड तोंडात असेल तर ते चिरतं आणि दूधही येत नाही. पहिल्या काही सेकंदांनंतरही दुखत राहिलं तर करंगळी बाळाच्या ओठांच्या कोपऱ्यातून आत सारून पकड सोडवा आणि पुन्हा लावा. ओढून काढू नका.

पुरतंय का ते लंगोट सांगतात. पहिल्या दिवशी एक ओला, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन, पाचव्यापासून रोज सहा किंवा जास्त. शी काळ्यावरून हिरवट, मग चौथ्या-पाचव्या दिवशी पिवळी. पहिल्या दोन दिवसांत लंगोटावर विटकरी डाग दिसला तर घाबरू नका. चौथ्या दिवशीही दिसला तर दूध कमी पडतंय. वजन आधी थोडं उतरतं, दोन आठवड्यांत जन्माइतकं भरून यायला हवं. १० टक्के उतरलं तर वाट न बघता डॉक्टरांना दाखवा. घरी आल्यावर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी आशाताईंनी यायचं असतं, तेव्हा वजन करून घ्याच. बाळ सुस्त पडलं, ओढेनासं झालं किंवा पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत पोचला तर त्याच दिवशी डॉक्टर.

भांडण टाळायचं असेल तर सासूबाईंना आठव्या-नवव्या महिन्याच्या तपासणीला बरोबर न्या आणि पहिल्या तासात बाळ छातीशी लावायचं काम त्यांच्याकडेच सोपवा. मध चाटवायचा मान हातून गेला की दुसरा मान द्यावा लागतो.

मी कपड्यांच्या शोरूममध्ये आहे, स्टाफ पंधरा जणांचा. मालक तीन महिन्यांचीच रजा म्हणतात. नंतर बाळ आईकडे ठेवायचं, दूध काढून. पण उन्हात टिकेल का? लाइटही जाते.
(भुसावळ)

आधी रजेचं. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या दुकानाला प्रसूती रजेचा कायदा लागू होतो. २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी ती २६ आठवडे आहे, पगारी, आणि त्यातली ८ आठवडे तारखेआधी घेता येतात. अट एवढीच की आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं हवं. तीन महिने, म्हणजे १२ आठवडे, हा जुना आकडा. कामावर परतल्यावर बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोन सुट्याही आहेत. हे अर्जात लिहून द्या आणि पोच घ्या.

पंप आत्ताच घेऊ नका. त्याच्या कपाचं माप बाळंतपणानंतरच कळतं, आणि चुकीच्या मापाने बोंड सोलवटतं. हाताने छान जमतं. कामावर जाण्याच्या तीन आठवडे आधी सुरू करा, सकाळच्या पहिल्या पाजण्यानंतर. हात धुवा, कोमट ओल्या कापडाने शेका, हलकं चोळा. अंगठा वर, बोटं खाली, बोंडापासून दोन-तीन सेंटिमीटर मागे. आधी छातीकडे दाबा, मग अंगठा-बोटं एकमेकांकडे, मग सोडा. बोटं कातडीवर घसरवू नका. एका बाजूला पाच मिनिटं, मग दुसरी, असं आलटून पालटून वीसेक मिनिटं. पहिल्या दिवशी २० मिली निघालं तरी रडू नका. हाताला सवय नसते, दूध कमी नसतं.

बाळ दिवसाला साधारण ७५० मिली पितं, म्हणजे तुमच्या आठ-नऊ तासांसाठी २५० मिली. ६०-६० मिलीच्या चार झाकणाच्या स्टीलच्या डब्या करा. एकात सगळं ठेवलं तर एकदा गरम केलेलं उरतं आणि वाया जातं.

‘बाहेर चार तास टिकतं’ हे २५ अंशांचं गणित आहे. एप्रिल-मेमध्ये भुसावळच्या खोलीत ते धरू नका, काढलं की फ्रीजमध्ये, मागच्या बाजूला, दारात नाही. चांगल्या चालणाऱ्या फ्रीजमध्ये चार दिवस चालतं, पण लाइटचा भरवसा नसेल तर चोवीस तासांतच संपवा. लाइट गेली तर फ्रीज उघडू नका, बंद असला तर चारेक तास गारवा राहतो. दुकानातून आणताना जाड आवरणाच्या पिशवीत गोठवलेल्या आइसपॅकच्या मध्ये डबी ठेवा. पाजताना उकळायचं नाही, डबी कोमट पाण्यात उभी करा. वर साय आलेली दिसेल, ती हलकेच ढवळून मिसळते. उष्टं दूध दोन तासांत पाजा नाहीतर टाका.

पाजायचं वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने (चोचीच्या छोट्या वाटीने). बाळ उभं धरायचं, कड खालच्या ओठाला लावायची, ते जिभेने ओढून घेतं. घशात ओतायचं नाही, ठसका लागतो. बाटलीच्या निपलला दूध फार न ओढता येतं आणि सवय लागली की काही बाळं अंगावर कंटाळा करतात. शिवाय उन्हात तिच्या खाचाखोचांत राहिलेलं दूध लवकर नासतं. आजीने दोन-तीन दिवस आधी सराव करावा, तुम्ही दुसऱ्या खोलीत असताना. आईचा वास आला की बाळ वाटीकडे बघतही नाही.

डॉक्टरांनी पावडरचं दूध लागेल असं सुचवलंय. घरी गीर गाय आहे, तिचं दूध पाणी घालून का चालू नये?
(चाळीसगाव)

वर्षाच्या आत नको. गायीच्या दुधातली प्रथिनं आणि क्षार बाळाच्या मूत्रपिंडांना जड, आणि लोह अगदी कमी. पाणी घातलं की क्षार कमी होतात तशी ताकदही जाते.

पावडर लागणारच असेल तर आधी कारण विचारा. ‘दूध कमी’ एवढंच असेल तर पकड आणि लंगोटांचा हिशोब तपासून घ्या. खरंच लागली तर पावडर निर्जंतुक नसते हे लक्षात ठेवा. पाणी उकळा, आरओचं असलं तरी, आणि अर्ध्या तासाच्या आत वापरा, म्हणजे ते ७० अंशांच्या खाली उतरत नाही. आधी पाणी मोजा, मग पावडर. बहुतेक डब्यांवर ३० मिलीला एक सपाट चमचा असतो, पण आपल्या डब्यावरचं वाचा आणि त्याच डब्यातला चमचा वापरा. भांडं वाहत्या पाण्याखाली धरून निववा, मनगटावर थेंब टाकून बघा. दोन तासांत उरलेलं टाका.

४०० ग्रॅमच्या डब्यातून साधारण तीन लिटर दूध होतं, म्हणजे चार-पाच दिवस. महिन्याला सहा-सात डबे. इथेच घोटाळा होतो. डबा पुरवायला चमचा कमी पडू लागतो, बाळ पोटभर पितं आणि वजन मात्र वाढत नाही. हा खर्च आधीच मांडून बघा. कुणी मोफत डबा किंवा बाटली हातात ठेवत असेल तर १९९२ च्या कायद्याने तसं वाटायला बंदी आहे, हेही माहीत असू द्या.

मी सिकलसेलची वाहक आहे. अंगावर पाजलं तर बाळाला होईल का?
(अक्कलकुवा)

नाही. सिकलसेल हा रक्ताचा आजार दुधातून जात नाही, तो आई-वडिलांच्या जनुकांतून येतो. नवऱ्याची तपासणी झाली नसेल तर आत्ताच करा. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक खेपेला बाळाला आजार असण्याची शक्यता २५ टक्के असते. तसं असेल तर जन्मानंतर बाळाची तपासणी करून घ्या. तुमच्या भागात अंगणवाडीतून सरकारच्या अमृत आहार योजनेचं गरम जेवण शेवटच्या तिमाहीत आणि बाळंतपणानंतर सहा महिने मिळतं, ते सोडू नका.

मेमध्ये बाळाच्या ओठांना कोरड पडते. दोन चमचे पाणी?
(पारोळा)

सहा महिन्यांपर्यंत नाही. आईच्या दुधात ८७-८८ टक्के पाणीच असतं. उन्हात पाजण्याच्या खेपा वाढवा, आणि पाण्याचा तांब्या स्वतःजवळ ठेवा.

केळी खाल्ली की बाळाला सर्दी होते, वांगं नको, तिखट नको. मग खायचं काय? आमच्याकडे तर केळीच केळी.
(रावेर)

केळी खा. सर्दी विषाणूने होते, केळीने नाही. भरीत-भाकरीही चालेल. तिखट तुमच्या पोटाला सोसेल तेवढं. एखाद्या पदार्थानंतर बाळाच्या शीमध्ये रक्त दिसलं किंवा अंगावर पुरळ उठलं तरच तो बंद करून डॉक्टरांना दाखवा. लाडू, अळिवाची खीर जरूर खा, पण नुसत्या तूप-साखरेवर राहू नका. डाळ, पालेभाजी, कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकर रोज हवी. लोहाची गोळी बाळंतपणानंतरही १८० दिवस घ्यायची आहे. ती चहाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतली तर अंगी लागत नाही, मध्ये दोन तास जाऊ द्या. बाळाला केळं मात्र सहा महिने झाल्यावर, काट्याने चेचून, दोन चमच्यांपासून.